जिन्याखालची वायर

४ जानेवारी

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. साष्टांग घालायला इथे जागा नाही. खोली एवढीशी आहे की पाय पसरले तर दार उघडत नाही, तेव्हा उभ्या उभ्याच स्वीकारावा.

फोन न करता पत्र का, हे तुम्हाला सांगायला नको. वीज जाऊन आली की जिन्याखालचं माझं मशीन आपण होऊन उठत नाही, कुणीतरी बटण दाबावं लागतं. गेल्या महिन्यात मी फोनवर तुम्हाला तेवढंच सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "तोंडी हुकमावर मी रेल्वेत जन्मात कधी सिग्नल पाडला नाही, आता म्हातारपणी पाडू? लेखी पाठव." आणि फोन ठेवलात. मला वाटलं थट्टा करताय. माझी चिठ्ठी पोचेपर्यंत मशीन ढिम्म पडून राहिलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे सगळे पेशंट एकाच वेळी गाल धरून हजर झाले, तेव्हा कळलं की थट्टा नव्हती. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचा माझा धंदा त्या एका मशीनवर चालतो बाबा. नोकरी इथे आणि धंदा तुमच्या जिन्याखाली, अशी माझी वरात आहे.

तर आता कायमचा इलाज करते. त्या मशीनच्या पोटात आणखी एक छोटं मशीन असतं. त्याला कंट्रोलर म्हणतात. मोठं झोपो, बंद पडो, रुसो, हे मात्र जागं असतं. साहेब घोरत असला तरी जागा असणारा कारकून असतो ना, तसा. त्याला स्वतःची वेगळी वायर जोडली की मी इथे बसून मोठ्याला उठवू शकते, झोपवू शकते, त्याला ताप आलाय का तेही बघू शकते. इतकी वर्षं मीच घरात होते, म्हणून ती वायर जोडायची वेळ आली नाही.

हुकूम असा. मशीनच्या मागे तीन खाचा आहेत. दोन एकमेकींना चिकटून, त्यांतल्या एकीत निळी वायर आहे. तिला हात लावायचा नाही, तिच्यावर दवाखाने चालतात. तिसरी खाच एकटीच बाजूला आहे, तिच्यावर पान्याचं चित्र आहे. कपाटातली पिवळी वायर तिच्यात घालायची आणि दुसरं टोक इंटरनेटच्या डबीत. मशीनच्या पुढच्या बाजूने प्लास्टिकची एक पट्टी जिभेसारखी बाहेर ओढता येते. तिच्यावर पासवर्ड छापलाय, तो जसाच्या तसा लिहून पाठवायचा. बाकी सगळं मी इथून करते.

एवढं झालं की त्या खोलीशी माझं काम संपलं. मग कुणालाच त्रास नाही. तुमच्या चिरंजीवांनाही नाही. दारात उभे राहून म्हणाले होते ना, "जा, तुझ्यावाचून इथलं काही अडत नाही." निदान मशीनचं तरी अडू नये, म्हणून ही खटपट.

माझ्या खिडकीतून रेल्वेचा सिग्नल दिसतो. बघितला की तुमची आठवण येते, आणि मग राग येतो.

तुमची आज्ञाधारक (पत्रापुरती),
सून


११ जानेवारी

सूनबाई,

अनेक आशीर्वाद. साठा भरपूर आहे, हल्ली घ्यायला घरात कुणी नसतं.

हुकूम मिळाला. परत म्हणून दाखवतो: निळ्या वायरीला हात नाही. पिवळी वायर पान्याच्या चित्राच्या खाचेत, दुसरं टोक डबीत. जिभेवरचा पासवर्ड जसाच्या तसा. बरोबर? आमच्या खात्याची रीत तुला ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण मला सांगायला आवडतं. हुकूम लेखी यायचा. घेणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने परत लिहून द्यायचा. देणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच सिग्नलच्या दांड्याला हात. आणि एकदा दिलेला हुकूम लेखी रद्द होईपर्यंत लागू. देणारा मेला तरी लागू. आमच्या एका साहेबांनी निवृत्तीच्या दिवशी एक फाटक बंद ठेवायला सांगितलं आणि रद्द करायला विसरून घरी गेले. मी नोकरी सोडली तेव्हा त्या फाटकातून झाड वर आलं होतं.

पण तू घरची, म्हणून 'बरोबर'ची वाट न बघता काम उरकलं. पासवर्ड मागच्या पानावर मोठ्या अक्षरात काढलाय. ज्याच्या पोटात काट मारलीय ते शून्य आहे. भिंगातून तीनदा बघितलं.

तुझ्या नवऱ्याची हालहवाल तू विचारली नाहीस, म्हणून सांगतो. चिरंजीव हल्ली कंपन्याकंपन्यांतून 'संवादकौशल्य' शिकवत हिंडतात. या आठवड्याचा विषय होता 'जवळच्या माणसांशी मनमोकळं कसं बोलावं'. सकाळपासून दुपारपर्यंत बोलले म्हणे, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. रात्री माझ्यासमोर जेवायला बसले आणि एकच वाक्य बोलले. ते वाक्य असं: "मीठ."

मी वायर जोडत होतो तेव्हा येऊन मागे उभे राहिले. म्हणाले, "हे कशाला?" मी म्हटलं, "म्हणजे सूनबाईला आपली गरज पडू नये म्हणून." तर म्हणे, "छान." आणि गेले. छान म्हणताना माणसाचा चेहरा असा होत नसतो.

तुझ्या पत्रातलं 'त्या खोलीशी माझं काम संपलं' हे वाक्य मी परत म्हणून दाखवलेलं नाही. ते हुकमात मोडत नाही.

सिग्नल किती दिव्यांचा आहे? खांब सरळ आहे का?

बाबा


१९ जानेवारी

तीर्थरूप बाबा,

बरोबर! काटेरी शून्यासकट सगळं बरोबर. शनिवारी सकाळी पहिल्या झटक्यात कंट्रोलरचं पान इथे उघडलं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या, शेजारच्या खोलीतली बाई भिंतीवर ठोकायला लागली.

आता केलं काय ते ऐका. आधी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला, कारण तो त्या जिभेवर कुणालाही वाचता येतो. मग त्याचा इंटरनेटवरचा पत्ता. त्याला फिरता पत्ता होता, रोज वेगळा मिळेल असा. तो काढून पक्का लावला. नाव म्हणून अकरा अक्षरांची लांबलचक कटकट होती, ती पुसून 'जिना' ठेवलं. मग घड्याळ. तुमच्या जिन्याखालच्या कारकुनाचं घड्याळ इतकं मागे होतं की त्याच्या हिशेबाने माझं लग्नच झालेलं नव्हतं. सुखात होतं बिचारं. मी वेळ लावून त्याला सद्यस्थितीवर आणलं. शेवटी 'वीज गेली आणि परत आली तर आपोआप ऊठ' हेही सांगून ठेवलं. म्हणजे आता बटणासाठी लेखी हुकूम नको.

आणि एक गंमत. मशीनला पुढून एक निळा दिवा आहे. दहा मशीन शेजारी असली तर नेमकं कुठलं, ते तिथल्या माणसाला कळावं म्हणून लांबून लावता येतो. तुमच्याकडे एकच आहे, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. पण मी लावून बघितला. दिसला का कुणाला?

आता रडगाणं. सोमवारी बघते तर पिवळ्या वायरीवरून हूं की चूं नाही. वायर निघालीय का बघाल? दवाखाने ठीक चाललेत.

इथले साहेब मला कायम करू म्हणतात. फेब्रुवारीअखेर सही करायची. एकदा सही केली की मग मी इथलीच. तिकडचं मशीन मार्गी लागलं की मी मोकळी.

सिग्नल तीन दिव्यांचा. खांब सरळ आहे की नाही ते मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाही.

सून


२५ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद. वायर निघालेली होती. परत घातली. कारण: मांजर.

शेजाऱ्यांची करडी मांजर तुला आठवत असेल. तिला हल्ली जिन्याखाली ऊब लागते. खोलीचं दार बंद असतं असं तू लिहिशील, म्हणून आधीच लिहितो की मांजर फार हुशार आहे.

तुझ्या निळ्या दिव्याने शनिवारी काय रामायण झालं ते ऐक. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. चिरंजीव जिन्यावरून उतरत होते, तेवढ्यात खालच्या दाराच्या फटीतून काहीतरी निळं लुकलुकताना त्यांना दिसलं. झालं! "बाबा, बाहेर व्हा! स्फोट होतोय!" करत हे पळाले न्हाणीघरात आणि पाण्याने भरलेली बादली घेऊन आले. विजेच्या मशीनवर पाणी टाकायला निघालेला हा संवादतज्ज्ञ मी दारात अडवला. म्हटलं, "अरे, बायकोने लावलाय तिथून."

"तिथून?"

"तिथून."

"कशाला?"

आता कशाला, ते मला काय ठाऊक? मी म्हटलं, विचार तिला. तर म्हणे, "मला काय करायचंय." आणि बादली हातात घेऊन तिथेच उभे राहिले, दिवा विझेपर्यंत. पाणी निम्मं पायावर सांडलं तरी हलले नाहीत.

सहीची घाई करू नकोस. कायमच्या सह्या सावकाश करायच्या असतात, मी लग्नाच्या वेळी फार झरझर केली होती.

बाबा


२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

पिवळी वायर दोन दिवस बोलली आणि परत मेली. मांजर आली वाटतं.

बाबा, त्या वायरीच्या टोकाला एक खटका असतो. तो अंगठ्याने दाबला तरच वायर सुटते. नुसती ओढली तर खटका तुटतो. खटका तुटलाय का? नाही ना? म्हणजे या मांजरीला अंगठा आहे. हिला घरात पाळू नका, सरकारी नोकरीत चिकटवा. सिग्नल खात्यात तिचं सोनं होईल.

उंदीर, घूस, झाडूवाली, भूकंप ही पुढची कारणं तुम्ही काढण्याआधी हुकूम देते: वायर परत घालायची, भिंतीच्या खिळ्याला सुतळीने बांधायची, दाराला कडी लावायची. परत लिहून पाठवा.

साहेब रोज विचारतात, ठरलं का? मी सांगते, घरचं एक मशीन मार्गी लागायचंय. ते म्हणतात, एवढं कसलं मशीन आहे? मी काय सांगू? जुनं आहे, तापतं लवकर, आवाज फार करतं आणि कामाचं काही बोलत नाही?

बादली घेऊन किती वेळ उभे होते? सहज विचारते.

सून


१२ फेब्रुवारी

सूनबाई,

हुकूम परत म्हणतो: वायर परत घातली, सुतळीने बांधली, कडी लावली. आणि आता जे घडलं ते सांगतो. माझी अब्रू जाणार आहे, पण ती तुझ्याजवळच गेलेली बरी.

मांजर मीच. पहिल्यांदाही मी, दुसऱ्यांदाही मी. अंगठ्याने खटका दाबून, नीट, वायरीला इजा न करता. उभ्या नोकरीत मी चालत्या गाडीच्या वायरीला बोट लावलं नाही आणि तुझ्या निळ्या वायरीलाही लावलं नाही. फक्त कारकुनाचा फोन काढला. का ते लिहायला लावू नकोस. तुझं मशीन मार्गी लागलं असतं तर तुझं इथलं काम संपलं असतं, तू सही केली असतीस आणि मला 'सिग्नल किती दिव्यांचा' असं विचारायला कुणी उरलं नसतं. दर पंधरवड्याला पोस्टमन येतो तो तुझ्यामुळे. बाकी सगळी बिलं हल्ली फोनवर येतात.

पण तुझं हे शेवटचं पत्र वाचून लाज वाटली. सुतळीने बांधली ती मनापासून बांधली. म्हटलं, जाऊ दे तिला सुखाने.

रविवारी दुपारी खोलीवरून गेलो तर कडी काढलेली. आत चिरंजीव स्टुलावर बसलेले.

"काय करतोयस?"

"हवा खातोय."

जिन्याखाली! जिथे नाक शिंकरायला जागा नाही तिथे हा हवा खात होता. आणि सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या वायरीचं टोक बाहेर लोंबत होतं. सुतळी व्यवस्थित सोडून, गुंडाळी करून मशीनवर ठेवलेली. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने खाली खिशाकडे बघितलं.

"मांजर?" तो म्हणाला.

म्हणजे तुझी माझी पत्रं चोरून वाचतो! मी म्हटलं, "मी दोनदा. तू?" तर मान खाली घालून म्हणाला, "एकदाच. आज." मग म्हणाला, "ती सही करणार ना, बाबा?" सूनबाई, चौथीत नापास झाला तेव्हा दिसला होता तसा तो दिसला.

आणि तेवढ्यात, देवाशप्पथ सांगतो, निळा दिवा लागला.

वायर याच्या खिशात. दिवा समोर लुकलुकतोय. तो घाबरून माझा हात धरायला लागला. मी नाही घाबरलो. मी आयुष्यभर हेच काम केलंय. वायर तोडली की दिवा लागत नसतो. लागला, तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो मला आधीच कळायला हवा होता.

दुसरी वायर कुठे आहे, सूनबाई?

बाबा


२० फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

उशिरा का होईना, खात्याची लाज राखलीत.

दुसरी वायर तुमच्या डोळ्यांसमोर होती. निळी. तिच्यावर दवाखानेही चालतात आणि वेळ पडली तर कारकूनही. पहिल्याच शनिवारी मी त्याला सांगून ठेवलं होतं की पिवळी वायर गेली तर निळीवरून बोल. बाकी सगळं तुम्हाला लिहिलं, घड्याळ लिहिलं, नाव लिहिलं, हे तेवढं लिहिलं नाही. खोटं मात्र मी एकदाही लिहिलेलं नाही. 'पिवळी वायर बोलत नाही' एवढंच लिहीत होते, परत वाचून बघा. तुमच्या मांजरीमुळे माझं एक मिनिटही अडलेलं नाही.

मग पत्रं का पाठवत राहिले, असं विचारू नका. तुम्ही 'का ते लिहायला लावू नकोस' म्हणालात, मीही तेच म्हणते.

पण कारकुनाला आणखी एक गोष्ट दिसते, ती ऐका. त्या खोलीत किती उकडतंय हे तो मला सांगतो. दार बंद असलं की आकडा चढतो, दार उघडलं की उतरतो. रोज संध्याकाळी, जेवणाच्या आधी, तो उतरायचा आणि बराच वेळ खालीच राहायचा. मांजर काही दार उघडं टाकून रोज ठरल्या वेळी येऊन बसत नाही. तुम्ही तर त्या वेळेला बातम्या बघता. कोण बसतंय ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. म्हणून दिवा लावत होते. बघू, कुणी काही बोलतंय का. दोनशे माणसांपुढे न अडखळता बोलणाऱ्या माणसाला मशीनला पाठ टेकून बसता येतं, बादली घेऊन उभं राहता येतं, वायर खिशात घालता येते. बायकोला चार ओळी लिहिता येत नाहीत. कौशल्य आहे खरं.

आणि बाबा, तुम्हीही फार हसू नका. तुमचे चिरंजीव दारात मला 'जा' म्हणाले तेव्हा तुम्ही आत खुर्चीत पेपर वाचत होतात. पान उलटल्याचा आवाज मी ऐकला. तेव्हा एक शब्द बोलला असतात तर कुणालाच वायर ओढावी लागली नसती. मी बॅग उचलून जिना उतरले ती तुमच्या पानाच्या आवाजावर. सिग्नलवाल्याने लाल दिवा कधी दाखवायचा असतो, हे मी तुम्हाला शिकवू का?

हे लिहून झालं, बरं वाटलं.

मी सही केली. परवाच केली. इथली नोकरी मला आवडते आणि मी ती सोडणार नाही. त्या घरात परत येऊन 'घरबसल्या कॉम्प्युटरवर काहीतरी करते' ही पाव्हण्यारावळ्यांपुढची माझी ओळख परत ऐकून घेणार नाही. त्यामुळे पुढचा हुकूम तुम्हाला नाही, तुमच्या चिरंजीवांना आहे. हे पान त्यांच्या हातात द्या. चोरून वाचायची गरज नाही.

हुकूम. तू मशीन बंद करायचं. दवाखाने मी आठवड्यापूर्वीच इथल्या मशीनवर हलवलेत, कुणाचा दात दुखणार नाही. त्याच्या पोटातले पंखे थांबतील, पण प्लग काढायचा नाही. कारकून जागा राहील. तुझ्या हातचं लेखी उत्तर मला मिळालं आणि पटलं, तर मी इथून निळा दिवा लावीन. दिवा लागला की मगच प्लग आणि वायरी काढायच्या, मशीन खोक्यात घालायचं आणि ते स्वतः इथे घेऊन यायचं. कुरिअर चालणार नाही. मशीन रिकामं आहे, त्याच्यात आता काहीही नाही, तरी आणायचं. संवादकौशल्य इथल्याही कुणाला येत नाही, तुला काम मिळेल.

फोन करू नकोस. उचलणार नाही. हुकूम परत लिहून दाखव.

बाबा, इथला सिग्नलचा खांब वाकडा आहे. मी खिडकीतून पार बाहेर वाकून बघितला. कुणीतरी जाणकाराने येऊन बघायला हवा, आणि मोठ्या खोल्यांचं घर मी शोधतेच आहे.

सून


२७ फेब्रुवारी

तुला,

हुकूम मिळाला. परत लिहितो.

मशीन मी बंद करायचं. प्लग काढायचा नाही. लेखी उत्तर माझ्या हातचं. तुला पटलं तर निळा दिवा. दिवा लागल्यावर प्लग, वायरी, खोकं. स्वतः घेऊन यायचं. कुरिअर नाही. मशीन रिकामं आहे, तरी आणायचं. फोन नाही.

हे पाचव्यांदा लिहितोय. पहिली चार पत्रं छान होती, म्हणून फाडली. एकाची सुरुवात 'नातं म्हणजे एक पूल' अशी होती. बाबांनी ती वाचली आणि म्हणाले, याचे लोक पैसे देतात?

मी रोज तिथे बसत होतो. तू गेल्यापासून घरात दुसरा आवाज नाही, आणि त्या पंख्यांचा आवाज तुझ्या खोलीतून यायचा तसाच येतो. वायर काढली कारण ती तिथे असेपर्यंत तुला आमची गरज नव्हती, एवढंच डोक्यात होतं. मूर्खपणा आहे, मान्य.

आता हुकमात नसलेलं. बाबा म्हणतात की एकदा दिलेला हुकूम लेखी रद्द होईपर्यंत लागू असतो, आणि रद्द करताना जुना हुकूम शब्दाला शब्द लिहावा लागतो. मी कालपासून ते लिहायला घाबरतोय, कारण लिहिलं की दिसतं. पण लिहितो.

"जा, तुझ्यावाचून इथलं काही अडत नाही." हा मी दारात उभं राहून दिलेला हुकूम खोटा होता आणि तो मी रद्द करतो. अडतं. सगळं अडतं.

मशीन आत्ता बंद केलं. पंखे थांबले. आता काहीच आवाज नाही.

मी

साक्षीदार म्हणून खाली माझी सही. सूनबाई, त्या दिवशी मी पेपर वाचत नव्हतो. ऐकत होतो. पान उलटलं ते काहीतरी करायला हवं म्हणून, आणि जे करायचं ते केलं नाही. तुझा शेरा मान्य, खात्यात असतो तर माझी बढती रोखली असती.

पत्र टाकायला मी निघालोय, कारण चिरंजीव खोलीतून बाहेर यायला तयार नाहीत. मशीनसमोर स्टूल टाकून विझलेल्या निळ्या दिव्याकडे बघत बसलेत. पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतात, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. एकदा लेखीसुद्धा दिलं. तर म्हणतात, "असू दे, मी आहे इथेच." जेवणाचं ताट मी तिथेच नेऊन दिलं. माझी पेटी मात्र भरून तयार आहे, त्या खांबाचं काहीतरी करायला हवं.

बाबा